मदत हवी आहे: दारू सुटली, नमाज सुरू झाली, तरी मन उभारी का धरत नाही?

अस्सलामु अलैकुम आणि नमस्कार. नाव न देता लिहितोय, समजून घ्या.

बरीच वर्षं दारूत गेली. आता काही महिने पूर्ण बंद आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडली, घरच्यांनी साथ दिली, पाच वेळची नमाज सुरू झाली. सगळ्यांना वाटतं माणूस मार्गी लागला. मला मात्र पूर्वीपेक्षा जड वाटतंय.

पीत होतो तेव्हा निदान संध्याकाळची वाट तरी पाहायचो. आता तीच संध्याकाळ अंगावर येते. सूर्यास्ताच्या मगरिबनंतर रात्रीच्या इशापर्यंतचा वेळ जाता जात नाही. मोबाईल हातात घेतो, परत ठेवतो. पहाटे फजरच्या नमाजला जाग येते, पण वजूसाठी (नमाजआधी हातपाय-तोंड धुवायला) उठायचं बळ नसतं. पाय जमिनीला टेकवून पलंगाच्या काठावर तसाच बसून राहतो. नमाजमध्ये ओठ हलतात, आयती बरोबर येतात, आत काही हलत नाही. सजद्यात रडू आलं तर बरं वाटेल असं वाटतं, तेही येत नाही.

डॉक्टरांनी डिप्रेशन सांगून गोळ्या सुरू केल्यात. थोडेच दिवस झालेत, अजून फरक नाही. जवळचे एक नातेवाईक म्हणतात, "खऱ्या मोमिनाला (श्रद्धावान मुसलमानाला) डिप्रेशन होत नाही. तुझं ईमान (श्रद्धा) कमी पडतंय. एक नशा सोडलीस, आता गोळ्यांची कशाला लावून घेतोस?" ते माझ्या भल्यासाठीच बोलतात, हे मला कळतं. तरी ते वाक्य डोक्यातून जात नाही.

खरंच हे ईमान कमी असल्याचं लक्षण आहे का? दारू सोडल्यावर आणखी कुणाला असं झालंय का? रमजानमध्ये रोजे आणि गोळ्या कसं जमवायचं? आणि सगळ्यात मोठं म्हणजे हा जो रिकामा वेळ उरलाय, त्याचं काय करायचं? पूर्वी दारू मिळवणं, पिणं आणि लपवणं यातच दिवस संपायचा. आता कशासाठी उठायचं तेच सापडत नाही.

एक गोष्ट लिहू की नको असं झालं होतं, लिहितो. जिवाचं काही करून घ्यायचा बेत नाही. पण मी नसतो तर घरच्यांची सुटका झाली असती, असं अधूनमधून मनात येतं.

प्रतिसाद १

व अलैकुम अस्सलाम भाई. मीही याच वाटेने आलोय, म्हणून लिहितो. सोडल्यानंतरचा काळ मला सोडण्याच्या काळापेक्षा अवघड गेला होता.

ईमानचं आधी बोलतो. याकूब अलैहिस्सलाम तर नबी, म्हणजे पैगंबर होते. दुरावलेल्या मुलाच्या, यूसुफच्या दुःखात त्यांचे डोळे पांढरे पडले, हे कुरआनमध्येच आहे (सूरह यूसुफ, आयत ८४). त्यांचं ईमान कमी होतं असं कोण म्हणेल? पैगंबर मुहम्मद सल्ल. यांची पत्नी खदीजा रजि. आणि काका अबू तालिब एकाच वर्षी गेले, त्या वर्षाला आपण आजही दुःखाचं वर्ष म्हणतो. आणि चिंता, दुःख, दुबळेपणा, आळस यांपासून पनाह (आश्रय) मागणारी दुआ खुद्द रसूलुल्लाह (पैगंबर) सल्ल. यांची आहे, बुखारी या हदीसच्या ग्रंथात आहे. जे मोमिनाला होतच नाही, त्यापासून पनाह कशाला मागायची?

बुखारीतलीच आणखी एक हदीस (पैगंबरांची आठवण) मला त्या दिवसांत कुणीतरी सांगितली. एका सहाबीला (पैगंबरांच्या सोबत्याला) दारूसाठी पुन्हा पुन्हा शिक्षा होत होती. कुणीतरी त्यांना लानत (शाप) दिली. रसूलुल्लाह सल्ल. यांनी त्याला थांबवलं आणि सांगितलं की हा माणूस अल्लाह आणि त्याच्या रसूलवर प्रेम करतो. तो पीत असतानाची ही गोष्ट आहे, भाई. तुम्ही तर सोडून नमाजला उभे राहताय. आत काही हलत नसताना उभं राहणं किती कठीण असतं, हे मी जाणतो, म्हणून तुमच्या त्या कोरड्या नमाजची मला फार कदर वाटते.

रिकाम्या वेळाचं सांगायचं तर मी आधी मोठमोठे संकल्प केले आणि एकही टिकला नाही. मग इमामसाहेबांनी फजरला मशीद उघडायचं काम दिलं. किल्ली माझ्याकडे. मी गेलो नाही तर चार म्हातारी माणसं दारात ताटकळणार. कित्येक दिवस मी अल्लाहसाठी उठलो की त्या चौघांसाठी, मला सांगता येणार नाही. पण उठलो. मन लागेपर्यंत थांबू नका, आधी कुणाच्या तरी उपयोगाचं एखादं छोटं, ठरल्या वेळेचं काम अंगावर घ्या. मन मागून येतं, सावकाश येतं.

प्रतिसाद २

मी मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते. सगळ्यात आधी तुमच्या शेवटच्या वाक्याबद्दल. ते डॉक्टरांना याच शब्दांत सांगा, पुढच्या तारखेची वाट न पाहता. घरातल्या एका माणसालाही आज सांगा. तो विचार वाढला, रेंगाळू लागला किंवा त्याला बेताचं रूप यायला लागलं, तर एकटे राहू नका, लगेच हेल्पलाइन किंवा जवळच्या रुग्णालयाची आपत्कालीन सेवा गाठा.

दारूमुळे आलेली उदासी बहुतेकांची सोडल्यावर काही आठवड्यांत ओसरते. काही महिने पूर्ण बंद असूनही ती टिकून असेल, तर डिप्रेशन हा स्वतंत्र आजार म्हणून हाताळावा लागतो. तुमच्या डॉक्टरांनी तेच केलेलं दिसतंय. या गोळ्यांचा पूर्ण परिणाम दिसायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. त्यांची दारूसारखी तलफ लागत नाही. मात्र मनाने अचानक बंद केल्या तर चक्कर, बेचैनी, झोपमोड असा त्रास होऊ शकतो आणि आजारही उलटू शकतो. तेव्हा नातेवाइकांचं ऐकून बंद करू नका.

रोज्यांचं डॉक्टरांशी रमजानच्या आधीच बोला. दिवसातून एकदाच घ्यायची गोळी बहुधा इफ्तार किंवा सहरीला घेता येते. काही औषधांत, विशेषतः लिथियम या मनाच्या आजारावरच्या औषधात, शरीरातलं पाणी कमी होणं धोक्याचं असतं. आजाऱ्याला रोजे नंतर पुरे करायची सवलत सूरह बकरामध्येच आहे (आयत १८५), हे मला माझ्या रुग्णांनीच दाखवलं.

आणि वाचणाऱ्या इतरांसाठी: रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद करू नये. झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. यांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडली तसंच करा.

प्रतिसाद ३

मी मुस्लिम नाही, पण अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या, एकमेकांना आधार देणाऱ्या गटामुळे उभा राहिलो. मगरिब ते इशा ही तुमची अवघड वेळ आहे ना? बैठक नेमकी त्याच वेळेची शोधा. या गटाच्या व्यसन सोडण्याच्या बारा पायऱ्या इस्लामच्या चौकटीत मांडणारी मिल्लती इस्लामी नावाची संघटनाही आहे, १९८९ साली अमेरिकेत बाल्टिमोरमध्ये सुरू झालेली. तुमच्या मनाला ती जवळची वाटेल.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रतिसाद १ दोनदा वाचला. दुसऱ्यांदा बायकोला वाचून दाखवला आणि त्यातच माझ्या पोस्टमधलं ते शेवटचं वाक्यही तिला सांगून टाकलं. डॉक्टरांची वेळ तिनेच घेतली, उद्याची. गोळ्या चालू ठेवतोय. बैठकीबद्दल एक विचारायचं होतं: पहिल्यांदा नुसतं ऐकत बसलं तर चालतं का? बोलायची हिंमत अजून नाही.

प्रतिसाद ३

चालतं. नावही सांगितलं नाही तरी चालतं. मी सुरुवातीला मागच्या खुर्चीवर बसून नुसतं ऐकायचो, कुणी काही विचारलं नाही. ऑनलाइन बैठक हवी असेल तर व्यक्तिगत निरोप पाठवा, पहिल्या वेळेला मीही सोबत येतो.