मदत हवी आहे: पहिल्या सत्रात अभ्यास सांभाळून रेझ्युमेची सुरुवात कधी करावी?

बारावीनंतर कॉलेजात येणाऱ्या मुलांसाठी पहिल्या सत्राचा आराखडा करतोय. अभ्यासाचा भाग जमलाय: एका तासाच्या लेक्चरमागे साधारण दोन तास स्वतःचा अभ्यास आणि त्याच दिवशी वही मिटून कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहिणं. नुसत्या हायलाइट केलेल्या नोट्स पुन्हा वाचल्या की सगळं येतंय असं वाटतं, पण पेपरात हात अडतो. शाळेसारखं रोज तपासणारं कुणी नसतं, त्यामुळे हे उशिरा कळतं, बहुधा पहिल्या अंतर्गत परीक्षेतच.

अडतंय ते पुढे. एक पानी रेझ्युमेत पहिल्या वर्षी लिहायला फारसं नसतंच. पाच क्लबांची नुसती सदस्यत्वं लिहिण्यापेक्षा एकच छोटं, पूर्ण झालेलं काम बरं, असं माझं मत: काय केलं, कशात केलं, निष्पन्न काय. पण ते काम पहिल्या सत्रातच घ्यायला लावावं की सुट्टीपर्यंत थांबावं? आठवड्याला तीन-चार तास झेपतात का? प्राध्यापकांना प्रोजेक्टसाठी ईमेल पाठवताना पाच-सहा ओळींत नेमकं काय मागावं? ‘मार्गदर्शन करा’ एवढ्यावर सहसा उत्तर येत नाही. चाललेला नमुना कुणाकडे असेल तर नावं काढून इथे टाका.