दुकानाच्या पाटीसाठी गुबगुबीत फॉन्ट: बालू घेऊ की मोदक?

दादरवाली: बहिणीचं दादरला लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान सुरू होतंय, नाव 'चिंगी मंडळी'. पाटीला गोलमटोल, जाडजूड फॉन्ट हवाय, पोरांना बघताक्षणी आवडेल असा. बालू आणि मोदक असे दोन काढलेत. मला मोदकच जास्त आवडलाय, इतका मऊ दिसतो की अक्षर दाबून बघावंसं वाटतं, पण बहीण म्हणते लांबून वाचता येणार नाही आणि पाटी समोरच्या फुटपाथवरून दिसायला हवी, इंग्रजी नाव पण टाकायचंय. धंद्यासाठी वापरले तर पैसे भरावे लागतात का?

अक्षरवेडा: पैसे नाही लागत. दोन्ही फॉन्ट 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्या गटाचे, म्हणजे आपल्या मुंबईतल्याच लोकांचे, आणि ओपन फॉन्ट लायसन्सवर आहेत, गूगल फॉन्ट्सवरून घ्या आणि बिनधास्त वापरा. पाटीला मात्र बालू घ्या. मोदकमध्ये अक्षराच्या पोटातली मोकळी जागा जवळजवळ बुजवून नुसत्या बारीक फटी ठेवल्यात, मोठ्या आकारात तीच त्याची गंमत आहे, पण तुमच्या 'मंडळी'तला ळ टाइप करून स्क्रीनपासून लांब जाऊन बघा, दोन्ही गोल भरून गेल्यासारखे दिसतील. बालूत ती जागा बऱ्यापैकी उघडी राहते, शिवाय बालू 2 मध्ये, म्हणजे बालूच्या नव्या आवृत्तीत, रेग्युलरपासून एक्स्ट्राबोल्डपर्यंत पाच वजनं, म्हणजे जाडीचे प्रकार, आहेत, मोदकला एकच. बोल्ड आणि एक्स्ट्राबोल्ड दोन्हीची प्रिंट काढून भिंतीवर चिकटवा आणि रस्ता ओलांडून बघा. मोदक सोडू नका हां, कागदी पिशवीवर नुसतं 'चिं' एवढंच भलंमोठं छापलं तर काय झकास दिसेल!

पाटीवाला: मी बोर्डाचंच काम करतो. आत लाइट टाकणार असाल तर जाड अक्षर केव्हाही चांगलं, एलईडीला जागा मिळते, बारीक फॉन्टमध्ये फार अडचण होते. शिरोरेषेमुळे शब्द एकसंध कापता येतो पण 'चिं' आणि 'मं'वरचा अनुस्वार सुटा तुकडा होतो, तो मागच्या शीटवर वेगळा बसवावा लागतो आणि त्याची वायर पण वेगळी, हे ऑर्डर देतानाच सांगा. फाईल कर्व्ह करूनच द्या, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून, समोरच्याकडे फॉन्ट नसला तर सगळं बदलून जातं. आणि इंग्रजी नाव मराठीपेक्षा मोठं करू नका, 2022 पासून नियमच आहे, मराठी आधी आणि अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नको.

घाटकोपरची: पुढेमागे आमच्याकडे शाखा काढलीत तर बालू गुजरातीत पण आहे, नाव बालू भाई! बंगालीत बालू दा, पंजाबीत बालू पाजी, प्रत्येक लिपीला तिकडची हाक दिलीय, मला हे फार गोड वाटतं. सगळ्या भाषांत दुकानाची ओळख सारखीच राहते.

दादरवाली: खूप आभार सगळ्यांचे, बहिणीला हा धागाच पाठवते. पत्ता, वेळ, फोन नंबर पण बालूतच टाकू का?

अक्षरवेडा: नको ताई, बारीक अक्षरात सगळंच गुबगुबीत झालं तर नावाची मजा जाते. त्याला मुक्ता फॉन्ट घ्या, तोही 'एक टाइप'चाच, साधा आणि स्वच्छ. आणि नाव दोन ओळींत लावणार असाल तर मधे जागा सढळ सोडा, नाहीतर 'चिंगी'तल्या गी चा खालचा भाग आणि खालच्या 'मंडळी'ची वेलांटी एकमेकांना चिकटतील.