तरुणांचा आतड्याचा कर्करोग: दोष घराण्याचा की आणखी कशाचा?

रत्नागिरीकर: पन्नाशीच्या आत मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला म्हणजे तो घराण्यातूनच आला, असे काल येथे कोणीतरी ठणकावून लिहिले; ते वाचून गप्प बसवेना. ओहायोत अशा ४५० रुग्णांची जनुके तपासली, तेव्हा वारशाने आलेला दोष १६ टक्क्यांतच आढळला. उरलेल्यांचे काय? २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या संशोधनात ११ देशांतील ९८१ रुग्णांच्या गाठींचे जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकसंच, वाचले गेले आणि काही ई. कोलाय जिवाणू तयार करतात त्या कोलिबॅक्टिन विषाने डीएनएवर सोडलेल्या खुणा, चाळिशीच्या आतील रुग्णांत सत्तरीपुढच्यांपेक्षा ३.३ पट अधिक दिसल्या.

वाडीवरचा: खुणा दिसल्या म्हणजे कारण सिद्ध झाले असे नव्हे, आणि त्या ११ देशांत भारत नाही. आमच्याकडे आजोबा, काका, चुलतभाऊ असे तिघे याच रोगाने गेले. लिंच सिंड्रोम या आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढवणाऱ्या आनुवंशिक विकारात प्रत्येक अपत्याला दोष मिळण्याची शक्यता निम्मी असते. तुमचे १६ टक्के तुम्हालाच किरकोळ वाटोत.

दर्यावर्दी: ताटाकडे कोणीच पाहत नाही. पावसाळाभर खारा बांगडा खायचा आणि जनुकांना बोल लावायचा! खारवलेली मासळी कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनेच जाहीर केले आहे.

देवगडची लेक: ते चिनी पद्धतीच्या खारवलेल्या मासळीविषयी आणि नाकामागच्या घशाच्या कर्करोगाविषयी आहे. आतड्याच्या कर्करोगासाठी त्याच संस्थेने २०१५ मध्ये ठपका ठेवला तो प्रक्रिया केलेल्या मांसावर. आमच्या आज्यांनी चुलीच्या निखाऱ्यावर भाजलेला बांगडा पेजेबरोबर जन्मभर खाल्ला. रोग मात्र पस्तिशीच्या नातवंडांना होतो, याची संगती आपण कशी लावता?

दर्यावर्दी: आज्या कशाने गेल्या, हे तेव्हा तपासले कोणी?

देवगडची लेक: म्हणजे पुरावा नाही म्हणून बांगडा दोषी! आधीच मासळी सुकवणाऱ्या बायकांना भाव मिळत नाही, त्यात आपली ही भर.

चाकरमानी: बांगड्यावरच भांडायचे असेल तर वेगळा धागा काढा. माझ्या धाकट्या भावाला शौचातून रक्त जात होते. मूळव्याध म्हणून त्याला महिनोन्‌महिने मलम दिले गेले आणि कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) झाली तेव्हा रोग यकृतात पोहोचला होता. अमेरिकेने २०२१ मध्ये सरसकट तपासणीचे वय ५० वरून ४५ केले, पण चौतिशीतल्या माणसाला त्याचाही उपयोग नाही. रोगाचे मूळ जिवाणू असो वा जनुक, डॉक्टरांनी किमान नीट विचारपूस तरी करायला हवी होती.

वाडीवरचा: बरे, असतील जिवाणू. तोवर मी मुलांची जनुकचाचणी करून घेतली तर रत्नागिरीकरांची हरकत नसावी.

रत्नागिरीकर: हरकत कसली? आपल्या घरात ती व्हायलाच हवी आणि दोष निघाला तर विशी-पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपीही. मात्र आधी चुलतभावाच्या गाठीचा नमुना प्रयोगशाळेत शिल्लक आहे का, ते विचारा. कोणता दोष शोधायचा हे त्यावरून कळू शकते.