ड्रेनेज लाइनच्या कामावर जाऊ का? आई नको म्हणतेय

फुलेवाडीकर

नमस्कार. मी आयटीआय प्लंबर. दोन वर्षं अपार्टमेंटांची फिटिंगची कामं केली. आता एका ठेकेदाराचं बोलावणं आलंय. कोल्हापूरच्या उपनगरात नवीन ड्रेनेज लाइन टाकायची आणि पुढं तिची देखभालही करायची. पगार आत्तापेक्षा चार हजारांनी जास्त. पण मुकादम बोलता बोलता म्हणाला, "कधी चेंबरात उतरायला लागलं तर उतरायचं, वर आपली माणसं असतातच की." तेवढं एक वाक्य डोक्यातून जाईना. आई वेगळंच म्हणते, गटारीचं काम करणाऱ्या पोराला मुलगी कोण देणार. मला मातीतलं, पाइपांचं काम मनापासून आवडतं. ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा, जावं का? आणि जायच्या आधी काय काय विचारून घ्यावं?

जेटिंगवाला

मी जेटिंग गाडीवर आहे, म्हणजे पाण्याच्या जोरानं गटार साफ करणारी गाडी. चोकअप काढायला माणूस आत लागत नाही. खालच्या चेंबरातून नोझल वरच्या दिशेनं सोडायचं. पाण्याच्या दाबानं ते आपोआप पुढं सरकतं आणि पाइप ओढताना गाळ मागं घेऊन येतं. मग सक्शननं उचलायचा. ठेकेदाराची स्वतःची गाडी आहे की भाड्याची, हे आधी विचार. भाड्याची गाडी वेळेत आली नाही, लोक ओरडायला लागले, की माणूस उतरवायची घाई होते. मी हे डोळ्यांनी बघितलंय.

जुना फिटर

बाळा, मी १९८८ साली हेल्पर म्हणून लागलो. पाणी आणि ड्रेनेज, दोन्हीकडं हयात गेली. त्यामुळं जरा सविस्तर लिहितो.

तेव्हा बिडाच्या पाइपांचे जोड शिसं ओतून करायचे. सॉकेटात तागाची दोरी ठोकून बसवायची, तोंडाला चिखलाचा वेढा द्यायचा, वर भोक ठेवायचं आणि वितळलेलं शिसं एका दमात ओतायचं. मध्येच हात थांबला की जोड गेला. आत ओल राहिली असली तर तिची वाफ होऊन शिसं उसळायचं. माझ्या डाव्या मनगटावर डाग आहेत. आमचे वस्ताद ओतायच्या आधी प्रत्येक जोडात सुकं फडकं फिरवायचे, कितीही घाई असो. आता डीआय म्हणजे लोखंडी पाइपाला रबर रिंग आली, एचडीपीई म्हणजे प्लॅस्टिकच्या पाइपाला वेल्डिंग आलं. पण ती फडकं फिरवायची सवय अजून लागतेच. रिंगेत वाळूचा खडा राहिला तर जोड गळणारच.

आता उतरण्याबद्दल. हे नीट वाच.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी पावसाळा संपता संपता एका बारा फुटी चेंबरात आमच्याबरोबरचा एक पोरगा उतरला. झाकण काढल्यावर कुजक्या अंड्याचा वास आला होता, थोड्या वेळानं येईनासा झाला. तो म्हणाला, वास गेला, उतरतो. चौथ्या पायरीवर हात सुटला. आवाजसुद्धा केला नाही त्यानं. त्याचा चुलतभाऊ शेजारीच उभा होता. तो उडी टाकायला निघाला. मी त्याला मागून कमरेला मिठी मारून धरलं. तो मला लाथा मारत होता, नाही नाही ते बोलत होता, मी सोडलं नाही. अग्निशमनची गाडी आल्यावर खालच्याला वर काढलं. तो वाचला नाही. चुलतभावानं दोन वर्षं माझ्याशी बोलणं टाकलं. मग एक दिवस लग्नाची पत्रिका घेऊन घरी आला.

वास का गेला, हे मला नंतर कळलं. हायड्रोजन सल्फाइड थोडा असला की नाकाला लगेच कळतो. तो शंभर पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) आसपास गेला की नाकच बधिर होतं. म्हणजे वास थांबला तेव्हा गॅस वाढलेला असू शकतो. हा हवेपेक्षा जड, तळाशी बसतो. गाळात बांबू किंवा पाय घातला की आणखी सुटतो, म्हणून वरून एकदा गॅसचा मीटर लावून भागत नाही. गाळ ढवळल्यावर परत मोजायचं. दुसरा मिथेन, तो पेट घेतो. जुनी माणसं कागद पेटवून आत सोडायची आणि विझला की हवा खराब म्हणायची. तसलं कुणी करायला लागला तर तिथून लांब हो.

म्हणून मुकादमाला विचार: चार गॅसचा मीटर आहे का? आत हवा सोडायचा ब्लोअर? माणूस वर ओढायची तिपाई आणि अंगभर पट्ट्याचा हार्नेस? ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली किंवा हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमच्या वर दिसला तर कुणी उतरायचं नाही. पुढच्या-मागच्या चेंबरांची झाकणं तासभर आधी उघडायची. "वर आपली माणसं असतात" याला काही अर्थ नाही. दोरी हार्नेसला बांधलेली नसेल तर वरची माणसं काय करणार? ती उडीच टाकणार.

चेंबराइतकीच भीती चरीची आहे, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. दीड मीटरच्या खाली चर गेली की बाजूला फळ्या आणि आडवे टेकू पाहिजेत. एक घनमीटर माती दीड टनाच्या वर भरते. छातीपर्यंत गाडला गेलास तरी श्वास घेता येत नाही. आपल्याकडं नदीच्या बाजूला काळी माती, ती सुकली की भेगाळते आणि ओली झाली की सुटते. उकरलेली माती काठावर टाकू देऊ नको. शेजारची पाण्याची लाइन पाझरत असेल तर त्या दिवशी चरीत पाय ठेवू नको, भिंत दिसायला चांगली असली तरी.

आणि हजेरीबुकात तुझं नाव आहे का, ईएसआय (कामगार विमा) कापतात का, हे पहिल्या आठवड्यातच बघून घे. त्या पोराचं नाव बुकात नव्हतं. त्याचे आईवडील किती उंबरे झिजवत होते ते मी बघितलंय.

आईचं म्हणशील तर तिला २०१९ च्या महापुराची आठवण करून दे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी ५५ च्या वर गेलं होतं. शिंगणापूर, बालिंग्याची उपसा केंद्रं बुडाली. चहूकडं पाणी आणि नळाला थेंब नाही, सगळं गाव टँकरमागं. पाणी उतरल्यावर मोटारी सोडवून बाहेर काढल्या, चिखल धुतला, वाइंडिंग गरम हवेनं वाळवलं, मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावून बघितलं, मग एकेक पंप चालू केला. आम्ही तिथंच जेवत होतो, तिथंच झोपत होतो. पहिलं पाणी सुटलं त्या रात्री माझ्या बायकोनं मला फोनवर नळाचा आवाज ऐकवला.

सिव्हिलवाली

फिटरकाकांच्या बोलण्यात कायद्याचं घालते. २०१३ च्या कायद्यानं संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये साफसफाईला उतरवणं गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यामुळं "नाही उतरत" म्हणणं हा तुझा हट्ट ठरत नाही. गटारात मृत्यू झाला तर २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं १० लाख भरपाई ठरवली होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. हा आकडा तुझ्या घरच्यांनाही माहीत असू दे.

एक कामाचंही सांगते. पाण्याची लाइन नेहमी ड्रेनेजच्या वर आणि जमेल तितकी लांब ठेवायची. आपल्याकडं चावी सोडली की तेवढा वेळच पाणी. चावी बंद झाली की लाइनीत पोकळी होते आणि जोड फुटका असला तर बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं. गल्लीत एकदम जुलाब-कावीळ सुरू झाली की आम्ही आधी पाण्याची लाइन ड्रेनेजला कुठं ओलांडते ते क्रॉसिंग शोधतो. शेवटच्या नळाला ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरिन आहे का याची चाचणी) करून बघायची, पिवळा रंग आला नाही तर क्लोरिन वाटेत कुठंतरी खर्च झालाय. धनुर्वाताचं इंजेक्शन घे. काविळीच्या लशीचं आणि पुरानंतर लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस, घाण पाण्यातून होणारा ताप) गोळ्यांचं डॉक्टरांना विचार.

फुलेवाडीकर

काल जाऊन भेटलो. मीटर नाही, हार्नेस नाही, गाडी भाड्याची. मी सांगितलं, देखभालीला साधनं आल्याशिवाय येत नाही, लाइन टाकायला येतो. ते म्हणाले, मग पगारात दोन हजार कमी. हजेरी आणि ईएसआयचं लिहून द्यायला तयार आहेत. काकांचं सगळं लिखाण आईला वाचून दाखवलं. त्या पोराचं वाचताना तिनं मला थांबवलं आणि नंतर म्हणाली, उतरणार नसशील तर जा. हो म्हणू का? आणि टाकायच्या कामात आधी काय शिकू?

जुना फिटर

हो म्हण. दोन हजार जाऊ देत.

आधी लेव्हल, म्हणजे उतार मोजणं शिक. पाण्याच्या लाइनीत पंपाचा किंवा टाकीचा दाब असतो, तिथं थोडं वरखाली झालं तरी चालतं. ड्रेनेज नुसत्या उतारावर वाहतं. उतार कमी पडला की पाणी पुढं जातं आणि गाळ मागं बसतो, मग तीच लाइन दर दोन महिन्यांनी तुंबते आणि तिथंच माणूस उतरवायची पाळी येते. जयंती नाल्यापर्यंत मैला उतारानं येतो म्हणून तिथून पंपानं उचलून कसबा बावड्याच्या केंद्रात पाठवता येतो. मध्येच एखादा पाइप बसला तर मागची सगळी गल्ली बसली.

सुपरवायझर लेव्हलची दुर्बीण लावेल तेव्हा आकड्यांची पट्टी तू धर, आकडा तोंडानं म्हण आणि स्वतःच्या वहीत लिही. आणि दोन चेंबरांमधली लाइन झाली की माती ओढायच्या आधी एका टोकाला बॅटरी धरायला सांग, दुसऱ्या टोकाला आरसा धरून वरूनच बघ. उजेडाचा पूर्ण गोल दिसला तर लाइन सरळ आहे. गोल खालून चेपलेला दिसला तर कुठंतरी पाइप उचललाय, वरून चेपला असेल तर खाली बसलाय. जेसीबीवाल्याला थांबव आणि तो पाइप परत उचलून बसवून घे.