अपडेटनंतर म्युझिक प्लेअरची लायब्ररी रिकामी. याद्या आणि तारे परत मिळतील का?

मंद्रसप्तक:
मदत हवी आहे. लॅपटॉपवरच्या म्युझिक प्लेअरने परवा परस्पर नवी आवृत्ती चढवून घेतली. उघडून बघते तर 'तुमची लायब्ररी रिकामी आहे, गाणी जोडा'.

गाणी गेलेली नाहीत, हे आधीच सांगते. सगळ्या फाइली बाहेरच्या हार्ड डिस्कवर आहेत आणि क्लिक केलं की वाजतात. त्यामुळे 'फोल्डर परत जोडा, झालं काम' हा सल्ला कृपया नको. मला हव्यात त्या वर्षानुवर्षं वाढवत नेलेल्या याद्या, गाण्यांना दिलेले तारे, कुठलं गाणं लायब्ररीत कधी आलं त्याची नोंद. कॅसेटींवरून उतरवलेल्या कित्येक फाइलींना तर धड नावही नाही, 'साइड बी 04' असलं काहीतरी आहे. यादीत कशाच्या मागेपुढे आहेत त्यावरूनच त्या मला ओळखू येतात.

कंपनीच्या मदतकक्षाचं उत्तर आलं: अनइन्स्टॉल करून पुन्हा टाका. अजून धजावले नाही. फोनवर जुनी लायब्ररी शाबूत आहे, अपडेटनंतर तो जोडलेला नाही. विंडोज 11.

तारषड्ज:
अनइन्स्टॉल अजिबात करू नका! काही प्लेअर जाताना आपलं डेटा फोल्डरही झाडून नेतात. फोन जोडू नका आणि वाय-फायवरून सिंक होत असेल तर तेही बंद करा. नाहीतर रिकामी लायब्ररीच खरी धरून फोनही रिकामा व्हायचा.

आता प्लेअर पूर्ण बंद करा, घड्याळाशेजारी त्याचं चिन्ह उरलं असेल तर तिथूनही. मग सी ड्राइव्ह, यूजर्स, तुमचं नाव, ॲपडेटा असं जा. हे फोल्डर लपवलेलं असतं, व्ह्यू मेन्यूतून 'हिडन आयटम्स' चालू करा. आत रोमिंग आणि लोकल दोन्ही बघा. प्लेअरच्या नावाचं जे दिसेल ते सगळं आधी दुसरीकडे कॉपी करा, मग पुढचं.

मंद्रसप्तक:
रोमिंगमध्ये दोन फोल्डर आहेत! एकाच्या नावात जुन्या आवृत्तीचा आकडा, दुसऱ्यात नव्या. जुन्यात एक भलीमोठी डीबी फाइल आहे आणि शेजारी त्याच नावाची, शेवटी 'डब्ल्यूएएल' लावलेली छोटी. ही कचरा का?

बिटबिट:
कचरा नाही. ही एसक्यूलाइटची (ॲपची माहिती साठवणारा एक डेटाबेस) जोडी दिसते. नवे बदल आधी त्या छोट्या फाइलीत लिहिले जातात आणि मग मोठीत जातात. ती मागे सोडलीत तर अगदी अलीकडची भर गळेल. दोन्ही एकत्र कॉपी करा आणि ती कॉपी (मूळ नाही) 'डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट'मध्ये उघडा. फुकट आहे. गाण्यांचा तक्ता भरलेला दिसला तर समजा काहीच हरवलेलं नाही, नवी आवृत्ती जुन्या फोल्डरात डोकावलीच नाही इतकंच.

मंद्रसप्तक:
सगळं आहे!! तारेसुद्धा. प्लेअर बंद ठेवून दोन्ही फाइली नव्या फोल्डरात टाकल्या. याद्या आल्या, पण प्रत्येक गाण्यापुढे उद्गारचिन्ह, 'फाइल सापडत नाही'.

बिटबिट:
गाण्याचा पूर्ण पत्ता डेटाबेसमध्ये असतो, ड्राइव्हच्या अक्षरासकट. तक्त्यात कुठलं अक्षर आहे आणि आत्ता डिस्कला कुठलं मिळालंय?

मंद्रसप्तक:
तक्त्यात ई, आत्ता एफ. अपडेट चालू असताना पेनड्राइव्ह लावलेला होता, त्याने ई घेतलं असणार.

बिटबिट:
मग डेटाबेसला हातही लावू नका. पेनड्राइव्ह काढा, विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन हार्ड डिस्कला ई द्या, प्लेअर पुन्हा उघडा.

तारषड्ज:
आणि उघडला की पहिलं काम याद्या एक्सपोर्ट करण्याचं. यादीच्या फाइलीचा प्रकार एम3यू8 निवडा, साधं एम3यू नको. त्यात देवनागरी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उरलेली मी पाहिली आहेत. 8 म्हणजे यूटीएफ-8, त्यात नावं टिकतात. मात्र या फाइलीत तारे येत नाहीत. एमपी3 असेल तर ते आयडी3 टॅगमध्ये (गाण्याच्या फाइलीतच बसणारी माहिती) लिहिता येतात, सेटिंग्जमध्ये तसा पर्याय आहे का बघा. कॅसेटवाल्या फाइली डब्ल्यूएव्ही असतील तर टॅगच्या भरवशावर राहू नका. त्या फ्लॅक या प्रकारात बदलून घ्या. आवाजात काडीचा फरक पडत नाही, जागा कमी लागते आणि टॅग नीट बसतात. गाणं लायब्ररीत कधी आलं ही तारीख मात्र डेटाबेसमध्येच राहते, म्हणून त्या दोन फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवरही ठेवा.

मंद्रसप्तक:
उद्गारचिन्हं गेली! दोघांचे खूप आभार. 'साइड बी' मंडळी आपापल्या जागी आहेत. फक्त आपोआप भरणाऱ्या याद्या (चार ताऱ्यांच्या वरची गाणी वगैरे) दिसत नाहीत.

बिटबिट:
त्यांचे नियम काही प्लेअर वेगळ्या फाइलीत ठेवतात. जुन्या फोल्डरात अजून काय काय आहे त्याची यादी इथे टाका, बघू. तोवर फोन जोडू नका.