८५ च्या वर गेलं की स्टेअरिंग थरथरतंय, बॅलन्सिंग दोनदा झालं, आता दोन्ही एक्सल बदला म्हणतायत

जुळे_सोलापूर_११

नमस्कार मंडळी. गाडी २०११ ची डिझेल हॅचबॅक, १ लाख ४२ हजार किमी झालेत, टायर १६५/८० आर १४, साधे लोखंडी रिम. गावात काहीच त्रास नाही, सात रस्ता ते होटगी रोड रोज फिरते, एकदम गुळगुळीत. पण पुणे रोडला लागलं, बाळे, केगाव मागं पडलं आणि काटा ८५ वर गेला की स्टेअरिंगमध्ये थरथर सुरू होते, ९५ ला तर हात बधिर होतात आणि डॅशबोर्डवरची गणपतीची मूर्ती हलायला लागते. गंमत म्हणजे १०० च्या जवळ नेली की जरा कमी होते, म्हणून मला वाटतंय इंजिनचं काहीतरी असावं.

अलाइनमेंट (चाकांची दिशा सरळ करणं) आणि बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडं सारखं करणं) दोनदा करून झालं, दोन वेगवेगळ्या ठिकाणी, दोघांनी मशीनवर शून्य आलेलं दाखवलं. नेहमीच्या गॅरेजवाल्यानं एक चक्कर मारली आणि म्हणाला दोन्ही एक्सल (इंजिनची ताकद पुढच्या चाकांना देणारे दांडे) गेलेत, साडेअकरा हजार. पैसे द्यायला ना नाही, पण बदलूनही तसंच राहिलं तर काय करू? आईला दर तीन आठवड्यांनी पुण्याला तपासणीला न्यावं लागतं, अडीचशे किमी जायचं आणि तेवढंच यायचं, ती मागं बसते आणि तिच्या कमरेला हे सहन होत नाही. गेल्या वेळी पूर्ण रस्ता ७५ नं गेलो. पुढची तारीख बारा दिवसांवर आहे, कुणाला असा अनुभव असेल तर सांगा प्लीज.

पुणेरोड_रोजचा

भाऊ, एक्सलला हात लावायच्या आधी तीन गोष्टी बघा, फुकटात होतात, फक्त पहाटे रस्ता मोकळा असताना करा आणि शेजारी कुणाला तरी बसवा.

पहिलं, थरथर नक्की कुठं जाणवते. स्टेअरिंगमध्ये असेल तर बहुतेक वेळा पुढची चाकं, सीटमध्ये आणि बुडाखाली असेल तर मागची. दुसरं, ९५ ला थरथर चालू असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढा आणि क्लच दाबून गाडी तशीच पळू द्या, इंजिन बंद करायचं नाही हां, बंद केलं तर ब्रेक आणि स्टेअरिंग दोन्ही जड होतात. थरथर तशीच राहिली तर इंजिनचा काही संबंध नाही. एक्सलचा आतला जॉइंट झिजला असेल तर ॲक्सिलरेटर दाबल्यावर थरथर वाढते आणि सोडल्यावर जाते, हा फरक अगदी स्पष्ट कळतो. बाहेरचा जॉइंट गेला तर स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी काढताना टक टक टक आवाज येतो. तिसरं, त्याच स्पीडला हळूच ब्रेक दाबा, फक्त ब्रेक दाबल्यावरच हादरा येत असेल तर डिस्क, म्हणजे ब्रेक जिला पकडतो ती चाकामागची चकती.

आणि अलाइनमेंटनं थरथर जात नसते, त्यानं गाडी एका बाजूला ओढायची थांबते. अलाइनमेंट बरेच दिवस बिघडलेलं राहिलं तर टायर वेडेवाकडे झिजतात आणि मग थरथर येते, एवढाच काय तो संबंध. लोक तिथंच पैसे घालत बसतात म्हणून सांगितलं.

अक्कलकोट_रोड

माझ्या जुन्या गाडीला डिस्कच निघाली होती. एमआयडीसीत लेथवर घासून घेतली, दोन महिने बरं गेलं, परत तसंच, शेवटी नवीन टाकल्या. घासायच्या आधी जाडी मोजून घ्या, डिस्कवरच किमान जाडी कोरलेली असते, त्याच्या खाली गेली असेल तर घासू नका.

पाना_पेटी

बावीस वर्षं गॅरेज चालवलंय मालक, आता मुलगा बघतो. तुमचं वाचून मला एक्सल वाटत नाही. १०० कडं कमी होतंय म्हणालात ना, तिथंच उत्तर हाय.

बगा, तुमच्या टायरचा घेर जवळपास १.९५ मीटर. ९० च्या स्पीडला गाडी सेकंदाला २५ मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला तेरा फेरे मारतंय. आणि चाक, हब (चाक ज्यावर बसतं तो भाग), आर्म सगळं मिळून सस्पेन्शनवर, म्हणजे स्प्रिंग-शॉकवर, जे लटकलेलं असतं त्याला स्वतःची एक लय असते, ती पण साधारण सेकंदाला दहा ते पंधरा. चाकातला दोष प्रत्येक फेऱ्याला एक धक्का देतो, आणि धक्क्याची लय या लयीशी जुळली की पाळण्याला नेमक्या वेळी ढकलल्यासारखं होतं, थोडक्या जोरात पण झोका मोठा. स्पीड त्याच्या पुढं गेलं की लय मोडते आणि थरथर कमी झाल्यासारखी वाटते. दोष गेलेला नसतो, उलट जोर वाढलेला असतो. म्हणून १०० ला बरं वाटतंय म्हणून तिथं धरून चालवू नका, आई मागं बसलेली असताना तर नकोच.

जोर किती असतो ते पण सांगतो, लोकांना खोटं वाटतं. रिमच्या काठावर फक्त ३० ग्रॅमचा फरक असला तर ९० च्या स्पीडला साडेतीन किलोच्या आसपास ओढ बसते, प्रत्येक फेऱ्याला दिशा बदलत. स्पीड दुप्पट झालं की चौपट, निम्मं झालं की पाव. म्हणून गावात ४५ ला काही कळत नाही.

आता मशीनवर शून्य आलं तरी थरथर का? मशीन वजन मोजतं, चाक गोल हाय का ते मोजत नाही. अंड्यासारख्या चाकाला पण रिमवर शिशाचे तुकडे लावून शून्य आणता येतं. मशीनवर चाक फिरत असताना समोर उभं राहून रिमची कड आणि टायरची नक्षी डोळ्यानं बघायची असते, ते कोण बघत नाही, सगळे आकड्याकडं बघतात. पावसाळ्यात रिमच्या आत चिखल वाळून बसतो, तो न काढता बॅलन्सिंग करतात, चार दिवसांनी ढेकूळ पडलं की परत पहिल्यासारखं. हबवर गंज असला तर चाक सपाट बसत नाही, नट कितीही आवळा.

मला दोन गोष्टी सांगा. थरथर कधीपासून सुरू झाली, आणि त्याच्या आधी गाडीला काय काम झालं होतं, अगदी पंक्चरसुद्धा. आणि चारी टायरवर डीओटी लिहिलेलं असतं त्याचे शेवटचे चार आकडे वाचा, पहिले दोन टायर बनल्याचा आठवडा, पुढचे दोन वर्ष. आकडे कधी कधी आतल्या बाजूला असतात, खाली वाकून टॉर्च मारा.

जुळे_सोलापूर_११

आज पहाटे भावाला घेऊन मोहोळपर्यंत जाऊन आलो. थरथर स्टेअरिंगमध्येच आहे, सीटमध्ये थोडीशीच. क्लच दाबून बघितलं, काही फरक नाही, तशीच. ब्रेकला पण वेगळं काही नाही. वळताना आवाज नाही.

पाना_पेटी काका, तुमचा पंक्चरचा प्रश्न वाचून मी थांबलोच. दिवाळीच्या आसपास टेंभुर्णीजवळ पुढचं उजवं टायर पंक्चर झालं होतं, स्टेपनी टाकून घरी आलो. पंक्चर काढून घेतलं, पण ते टायर डिकीतच राहिलं आणि स्टेपनी पुढंच राहिली, कारण स्टेपनीची नक्षी एकदम नवी दिसत होती. आणि थरथर त्यानंतरचीच आहे, घरी आईला विचारलं तर ती लगेच म्हणाली, आधी नव्हती रे.

आकडे वाचले. तीन टायर २०२१ चे. पुढचं उजवं १८१७.

पाना_पेटी

१८१७ म्हणजे २०१७ चा मे महिना. आठ वर्षं ते टायर डिकीत सोलापूरच्या उन्हात भाजलंय. नक्षी नवी असली तरी रबर म्हातारं झालं, आणि आतल्या तारांचा पट्टा रबरापासून सुटायला लागला की तिथं बाहेरून फुगवटा येतो.

खात्री करून घ्या. हँडब्रेक लावा, मागच्या चाकांना दगड लावा, पुढचं उजवं जॅकवर उचला, गिअर न्यूट्रल. गाडीखाली हातपाय घालू नका. टायरच्या नक्षीसमोर एका विटेवर स्क्रू ड्रायव्हर आडवा ठेवा, टोक आणि टायरमध्ये थोडीशी फट, आणि चाक हातानं सावकाश फिरवा. फट पूर्ण फेऱ्यात सारखी राहिली पाहिजे. तसंच रिमच्या कडेला पण बघा. चाक खाली घ्यायच्या आधी वर-खाली आणि डावी-उजवीकडं हलवून बघा, वर-खाली खेळ असेल तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, आडवा असेल तर टाय रॉड एन्ड, म्हणजे स्टेअरिंगचा चाकाजवळचा सांधा.

जुळे_सोलापूर_११

केलं. फट ठेवली होती जवळपास ४ मिमी. रिम ठीक आहे, पण टायर एका ठिकाणी येऊन स्क्रू ड्रायव्हरला चक्क घासलं आणि पुढं गेल्यावर परत फट. दोन-तीनदा फिरवलं, दर वेळी तीच जागा. तिथं हात फिरवला तर हाताला पण उंचवटा लागतोय, इतके दिवस कधी हात लावून बघितलाच नव्हता. चाक हलवून बघितलं, खेळ कुठंच नाही.

लगेच डिकीतलं टायर पुढं टाकलं, नट चौकडीनं आवळले, आणि तुळजापूर रोडला हिप्परग्याच्या पुढपर्यंत जाऊन आलो. ९५ ला स्टेअरिंग शांत. गणपती जागेवर. भावाला म्हटलं जरा तू चालव, मला खात्री करायचीय. त्यालाही काही जाणवलं नाही. सीटमधली बारीक थरथर मात्र अजून थोडी आहे.

याच टायरवर मी आईला तीन-चारदा पुण्याला नेऊन आणलंय, ऑक्टोबरपासून. दुपारच्या उन्हात. ते आठवून आज जेवण गेलं नाही.

पुणेरोड_रोजचा

साडेअकरा हजार वाचले ते सोडा, टायर उघडं पडलं नाही हे मोठं. सीटमधल्या थरथरीसाठी मागची दोन्ही चाकं काढून आतला चिखल धुवा आणि परत बॅलन्स करा, या वेळी समोर उभं राहून रिम बघा. मागचं एखादं रिम थोडं वाकलेलं निघेल असा माझा अंदाज आहे. आणि आज टाकलेल्या चाकाचे नट पन्नास-शंभर किमी झाल्यावर परत एकदा तपासा.

पाना_पेटी

एकच सांगायचं राहिलं. ते २०१७ चं टायर परत स्टेपनी म्हणून डिकीत ठेवू नका आणि भंगारवाल्याला तसंच देऊ पण नका, नक्षी नवी दिसते म्हणून कुणीतरी दुसऱ्याच्या गाडीला लावील. बाजूनं कटरनं चांगलं कापून मग द्या. नवीन स्टेपनी घेताना आकडे बघून घ्या, दुकानात पण जुना माल असतो.

जुळे_सोलापूर_११

कापलं काका. मागची चाकं उद्या सकाळी काढतोय, रिम वाकलेलं निघालं तर इथंच लिहितो.