विजेता ठाऊक असतानाही पाहिलेला विश्वचषक

महिला बास्केटबॉलच्या विश्वचषकात अमेरिका जिंकणार, हे बहुतेकांनी गृहीतच धरलेले असते. १९५३च्या पहिल्या स्पर्धेपासून २०२२पर्यंत तिने ११ विजेतेपदे मिळवली आहेत. तरीही ही स्पर्धा आवर्जून पाहणाऱ्यांना, ती का पाहता, असे विचारले होते.

माजी खेळाडू:
सिडनीतील २०२२ची स्पर्धा म्हटली की मला कांस्यपदकाची लढतच आठवते. आदल्या दिवशी ऑस्ट्रेलियाचा संघ चीनकडून ५९–६१ असा, अखेरच्या काही सेकंदांतील फ्री थ्रोंमुळे (फाउलबद्दल मिळणाऱ्या मोकळ्या फेकींमुळे) हरला होता. अशा निसटत्या पराभवानंतर तिसऱ्या क्रमांकासाठी मैदानात उतरताना पाय उचलत नाहीत, हे मी स्वतः अनुभवले आहे. परंतु गुडघ्याच्या दुखापतीमुळे २०१६मध्ये निवृत्त झालेल्या आणि वयाच्या ४१व्या वर्षी संघात परतलेल्या लॉरेन जॅक्सनने एकटीने ३० गुण मिळवले आणि कॅनडाचा ९५–६५ असा धुव्वा उडाला. त्यानंतर अमेरिकेने चीनला ८३–६१ असे नमवलेला अंतिम सामना मी, खरे सांगायचे तर, अर्ध्या लक्षानेच पाहिला.

शॉट क्लॉक (बास्केटवर फेक करण्यासाठी संघाला मिळणारे सेकंद मोजणारे घड्याळ) सांभाळणारी पंचमंडळातील सदस्य:
चेंडू बास्केटमध्ये गेला का, याकडे माझे लक्ष नसते. तो रिंगला लागला का, एवढेच मी पाहते. लागला आणि रिबाउंड, म्हणजे हुकून परत उसळलेला चेंडू, आक्रमक संघालाच मिळाला, तर घड्याळ २४ नव्हे, १४ सेकंदांवर आणायचे असते. सवयीने घरी सामना पाहतानाही माझा अंगठा नकळत हलतो. त्या १४ सेकंदांत घाई न करणारा संघ मला आवडतो, मग तो कितीही मागे असो.

जुने प्रेक्षक:
२००६च्या उपांत्य सामन्यात रशियाने अमेरिकेला ७५–६८ असे हरवले, तेव्हा मी खुर्चीवरून उठलोच. विजेतेपद मात्र ऑस्ट्रेलियाने नेले. तेव्हापासून २०२२च्या स्पर्धेअखेरपर्यंत अमेरिका विश्वचषकात एकही सामना हरलेली नाही. तरी प्रत्येक वेळी माझी आशा सुटत नाही.

मुलींची प्रशिक्षक:
माझे लक्ष प्वेर्तो रिकोकडे होते. २०१८च्या पदार्पणात या संघाला एकही विजय मिळाला नव्हता. २०२२मध्ये त्याने आधी बोस्नियाला आणि मग दक्षिण कोरियाला हरवून उपांत्यपूर्व फेरी गाठली. मी माझ्या मुलींना तेच सामने दाखवते. अमेरिकेचा कोरियावरील १४५–६९ असा विजय पाहून त्यांच्या हाती काय लागणार?